बाद पापुद्रे

३ नोव्हेंबर
आले एकदाची. दादानेच चिकटवलं इथे, त्यामुळे पहिल्या दिवसाची धाकधूक नव्हती. प्रयोगशाळा तळघरात आहे. खिडकी नाही, पण लख्ख. एका अणूच्या जाडीचा पापुद्रा काचेच्या तुकड्यावर बसवायचा, दोन तारा जोडायच्या. विषारी वायूचे कण त्याला चिकटले की पडद्यावरची रेघ वर चढते. पापुद्रा उचलताना मी श्वास धरून ठेवला होता. दादा म्हणाला, घे गं श्वास, त्याचे पैसे कापत नाहीत. आत शिरताना सडक्या अंड्यांचा वास आला. थोड्या वेळाने येईनासा झाला.

६ नोव्हेंबर
पद्धत अशी: सकाळी आल्या आल्या खोलीतल्या हवेत रेघ शून्यावर आणायची, मग पेटीत वायू सोडून चाचणी घ्यायची. सगळे खुशीत असतात आणि सगळेच विसराळू. सरांनी आज परत विचारलं, मी कोण. दादा हातात कप धरून कप शोधत होता. आम्ही पोट धरून हसलो.

९ नोव्हेंबर
डोकं जड. वहिनीचा फोन. दादा घरात भिंतीला हात लावून चालतो म्हणे. मी म्हटलं, दमत असेल.

इमारतीबाहेर नेल्यावर ज्याची रेघ शून्याच्या खाली उतरते, तो पापुद्रा बाद. बादचा डबा काठोकाठ भरलाय. सर म्हणतात, बाहेरचा दमटपणा बाधतो.

१२ नोव्हेंबर
आज बाहेर कोरडं ऊन. डब्यातला एक पापुद्रा यंत्राला लावून रस्त्यावर नेला. रेघ खाली. गच्चीवर, खाली. तळघरात आणला की शून्य.

पापुद्रे चांगले आहेत. बाहेरची हवा चांगली आहे. आम्ही शून्यच विषात धरतोय.

१३ नोव्हेंबर
शून्य गच्चीवर धरलं आणि खाली आले. जिन्यातच रेघ चढू लागली. प्रयोगशाळेच्या दारात ती पडद्याबाहेर गेली. सर हसले. म्हणाले, वास तरी येतोय का? नाही येत. हल्ली दारातही येत नाही. हा वायू आधी नाकच मारतो.

रात्रभर डोळा लागला नाही.

१४ नोव्हेंबर
दादाला सांगितलं. तो चिडला — कालची पोर तू, वायूच्या नळ्या माझ्या हातच्या आहेत, गळतच असतील तर मीच आवळतो. पाना घेऊन आत गेला. दार लावून घेतलं. बाकीच्यांना मी वर पिटाळलं. अग्निशमनवाल्यांना फोन केला. निघालेत. त्यांनी बजावलं, आत जाऊ नका, जिन्यात थांबू नका.

जिन्यातच थांबलेय. त्याला एकटं कसं —

हाक मारली. त्याने ओ दिली.

पाना पडल्याचा आवाज. पुन्हा हाक मारली. नाही.

वहिनी आली. वरून हाका मारतेय, आधी त्याला, मग मला. मी खाली येऊ नकोस म्हणाले. म्हणाले ना?

लिहीत राहिले तर शुद्ध राहील. उठायचं, श्वास धरायचा, दार ढकलायचं, त्याला ओढायचं. पाय —

डोकं हलकं झालंय. बरं वाटतंय. हे बरं वाटणं —

दादा आला बाहेर. समोर उभा आहे. हसतोय. वहिनीला सांगते, आला. ऊठ म्हणतोय, हात पुढे केलाय —

पण दार तर अजून बंद —