काटा लालवर

१८ ऑक्टोबर २००२, शुक्रवार
या आठवड्यात दुसऱ्यांदा! बाबा माझ्या लेकीला, अनुश्रीला, संध्याकाळच्या ट्यूशनहून गाडीतून घेऊन आले आणि फाटकातूनच ओरडले, "निरंजन, काटा लालवर गेला म्हणते पोट्टी!"

सकाळी मी स्वतः चौबे कॉलोनीला दोन फेऱ्या मारल्या होत्या. तेव्हा इंजिनाच्या तापमानाचा काटा निम्म्यावर. माझ्या हातात नीट चालते, त्यांच्या हातात तापते. क्लचवर पाय ठेवून चालवत असणार, दुसरं काय! या सोळा वर्षांच्या फियाटची शिसारी आली आहे.

१९ ऑक्टोबर
गाडी घेऊन भनपुरीच्या गॅरेजात. ट्रकांच्या रांगेत पाऊण तास धूळ खाल्ली. मेकॅनिकने न विचारता इंजिनाचं तापमान राखणारा थर्मोस्टॅटच काढून भिरकावला. "अपने यहाँ की गर्मी में इसका क्या काम, भैया!" आमचं शहर नव्या राज्याची राजधानी झालं म्हणे! लाल दिव्याच्या गाड्या वाढल्या, धड मेकॅनिक एक नाही.

२१ ऑक्टोबर
संध्याकाळी परत लाल. बॉनेटवर हात ठेवला तर नुसतं कोमट. रेडिएटरमध्ये पाणीही काठोकाठ. थू!

२२ ऑक्टोबर
आज बाबांना नको ते बोललो. "चाळीस वर्षं गाडी चालवली म्हणता आणि रोज काटा लालवर नेता?" किल्ली हातातून काढून घेतली. रेल्वेत गार्ड होते, एरवी घर डोक्यावर घेतलं असतं. आज चपला काढून सरळ आत गेले.

अनुश्री रडायला लागली. "मैं आजोबा के साथ ही जाऊँगी!" तर बाबाच तिला म्हणाले, "रिक्षानं जात जा, बाई." क्षमा माझ्याशी बोलत नाही. वडिलांची किल्ली हिसकावणारा नवरा तिला नको आहे. मलाही तो फारसा आवडलेला नाही.

२३ ऑक्टोबर
रिक्षा. अबोला. वरणही खारट.

२६ ऑक्टोबर, शनिवार
पुरानी बस्तीत धर्मपाल म्हणून गाड्यांचा इलेक्ट्रिशियन आहे. त्याने इंजिनाला हातच लावला नाही. म्हणाला, "सर, लाइट लावा." लावला, काटा टुणकन लालवर! बंद केला, खाली.

"इंजिन गरम नाही न जी. तुमची अर्थिंग बरोबर भेटून नाही राहिली. हा रंग कोनं लावला?"

मी! दसऱ्याच्या पूजेला गाडी चकचकीत हवी म्हणून बॉनेटच्या आत चंदेरी रंग फासला. अर्थिंगचा नट काढला आणि तार उघड्या पत्र्याऐवजी त्या रंगावरच कसली; वीज अडली, लाइट लावला की काटा खोटं दाखवायचा. वर हळदकुंकू वाहून हात जोडले! मी गाडी दिवसा बघत होतो. बाबा अंधारात, लाइट लावून चालवत होते. एवढंच होतं.

धर्मपालने दोन मिनिटं कानशीने घासलं. लाइट लावला तरी काटा निम्म्यावर. मला मात्र माझीच किळस आली. घरी येऊनही बाबांसमोर जायची हिंमत झाली नाही.

२७ ऑक्टोबर
सकाळी चूक कबूल केली, किल्ली बाबांपुढे धरली. घेतली नाही.

"राहू दे तुझ्यापाशीच. उजव्या डोळ्यानं दिसून नाही राहिलं मले, मार्चपासून. सांगायची लाज वाटत होती. तू किल्ली घेतली, सुटलो."

मार्चपासून. अनुश्री रोज त्यांच्या शेजारी बसत होती.