तलावाची पाहणी

३ मे

शी! गुडघाभर चिखल, आणि त्यात काय काय! कोंबडीची पिसं, गुटख्याच्या पुड्या, कोणाची तरी एक चप्पल. काठावर बेशरमाची झाडं सडून काळी पडलेली. घासून घासून आंघोळ केली तरी नखांतून वास येतोच आहे.

समुद्री परिसंस्था व्यवस्थापन — एम.एस्सी.! प्रवेश मिळाला तेव्हा बाबांनी अख्ख्या गावात पेढे वाटले होते. आणि दुसऱ्या वर्षी विभागाची बोटच बंद पडली. सर म्हणाले, "ज्याच्या घराजवळ पाणी आहे त्याने तिथे प्रबंध करावा. तत्त्व एकच." म्हणून समुद्र शिकायला कोकणात गेलेली संघप्रिया खुशाल मेश्राम वडशाजवळच्या आपल्याच गावच्या तलावात घाण तुडवते आहे.

एक बरं. कोपऱ्यात बांबू ठोकून गेल्या वर्षी पाणगवत लावलं होतं. देशी मासे तिथे परत येतात का, हाच माझा विषय. आज मरळीची पिल्लं दिसली! ढीगभर!! उरलेल्या तलावाला मात्र हात लावायची इच्छा होत नाही.

६ मे

पोचूभाऊ भेटले. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की आदल्या सांजेला दवंडी होते आणि सकाळी सगळं गाव जाळी-टोपल्या घेऊन तलावात उतरतं. माझ्या कोपऱ्याचं काय, विचारलं.

"तुया कोपऱ्यात कोनी नाई येत. पन तू सोता काठावर उभी पायजेस. पोट्टे मायं नाई आयकत, तुयं आयकते."

अजून पंधरा दिवस तरी आहेत म्हणाले.

८ मे

सरांचा फोन. प्रबंध देण्याआधी मार्गदर्शकाने जागेची पाहणी करायलाच हवी, नाहीतर वर्ष गेलं. मी किती महिने मागे लागले होते! आज स्वतःहून म्हणाले, येतो.

आणि लगेच — "अगं, ताडोबा तिथून जवळच ना?"

१० मे

सरांचा पुन्हा फोन, सफारीसाठीच. जिप्सी मिळाली का, कोलारा गेटच ना, एसी खोली आहे ना. तलावाबद्दल एक शब्द नाही. वीट आलाय!

१४ मे

सर आले. बायको, साडू, साडूची बायको — पूर्ण वऱ्हाड. आई बिचारी दारात हात पुसत उभी. मला हळूच म्हणते, "समुद्राच्या सराले आपल्या तलावातला मासा चालन का वो?"

चालला. पुन्हा पुन्हा वाढून घेतला. बोटं चाटली. बाबा कौतुकाने बघत होते आणि मला त्या चाटण्याचीच किळस येत होती.

तलाव घरामागे पाच मिनिटांवर. "ऊन फार आहे गं. संध्याकाळी बघू." संध्याकाळी घोरत पडले होते.

१५ मे

"तू चल बरोबर. इथली भाषा आम्हाला कळत नाही." मला निघायचं नव्हतं. पण सही त्यांच्या हातात. गेले. आजच्या फेरीत वाघ दिसला नाही, म्हणून उद्या पुन्हा! मी साडूच्या बायकोची पाण्याची बाटली धरून बसले होते. स्वतःचीच शिसारी आली.

१६ मे

वाघ दिसला. सरांच्या डोळ्यांत पाणी. चार महिन्यांपासून मी माझ्या कोपऱ्याचे फोटो पाठवते आहे, एकदाही 'पाहिले' म्हणाले नाहीत.

नाश्त्याच्या टेबलावर सरांनी पाहणीचं प्रमाणपत्र काढलं. सांबाराचा हात पुसून सही ठोकली. 'जागेची आज प्रत्यक्ष पाहणी केली. प्रयोगक्षेत्र उत्तम स्थितीत आहे.' "अगं, विश्वास आहे माझा तुझ्यावर!" थू!

काल फेरीआधी गेटवर बंद करून जमा केलेला फोन परत मिळाल्यावरही पर्समध्ये तसाच बंद राहिला होता. सुरू केला तर आईचे मेसेजवर मेसेज. कालच दवंडी झाली. पाऊस येणार म्हणे, म्हणून आजच सगळे तलावात उतरले.

१७ मे

काही उरलं नाही. बांबू आडवे. गवत मुळासकट चिखलात. त्यावर पायांचेच ठसे. उन्हात कुजायला लागलंय — नाक धरून उभी राहिले आणि रडले.

पोचूभाऊ मान खाली घालून म्हणाले, "तू होतीस कुठी? लय वेळ थांबवून ठेवलं म्या सगळ्याइले. पानी चढलं असतं तं मासा गेला असता ना, बाई."

त्यांना काय सांगू? वाघ बघायला गेले होते?

१८ मे

सरांना फोन केला. क्षेत्र राहिलं नाही, म्हटलं.

"कधीचं बोलतेस तू? मी पाहणी केली तेव्हा उत्तम होतं."

एवढं सहज! फोन ठेवला आणि खरंच ओकले.

आई पाठीवर हात फिरवत होती. "जाऊ दे ना एक वर्ष. गवत आनखी लावजो. काऊन एवढी रडून राह्यली?"

आई बरोबर बोलते आहे. पुन्हा एक वर्ष या चिखलात. या माणसाच्या हाताखाली.

२० मे

प्रमाणपत्रावर सरांच्या सहीखाली विद्यार्थ्याचीही सही लागते. 'पाहणीच्या वेळी मी जागेवर हजर होते.'

केली. दुपारी पाठवून दिलं.

सांजेला पोचूभाऊ अंगणात आले. खाटेवर बसले नाहीत. "मायामुळं तुयं वर्ष तं नाई जाणार ना, बाई?"

नाही जाणार, म्हटलं.