बुडबुड्याची मान

निमगाव केतकी
२९ मार्च १९९८

प्रिय अनुपदादा,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र मिळालं. तिकडं चौकीवर अजून बर्फ आहे म्हणतोस, हितं पत्रा तापून घरात बसवत नाही. आई बरी आहे. अप्पा जरा जास्तच बरे आहेत.

पुण्याहून प्रबंध लिहायला घरी आले आणि भलत्याच घोळात सापडले. प्रबंधाचा नुसता आराखडा मंजूर झाला, असं मी अप्पांना कळवलं होतं. त्यांनी 'मंजूर' तेवढं धरलं. आता जयंतीला विहारापुढं माझा सत्कार ठरलाय आणि म्हस्कू पेंटरनं बोर्डही रंगवलाय : डॉ. करुणा. वस्तीतली पहिली. काल बानूबाई दुखरा गुडघा घेऊन आली. म्हटलं, "आत्या, मी गणितातली हाय." तर म्हणते, "असू दे की. हात तर लाव." लावला. "उतार पडला बघ," म्हणाली. आता हिला मी काय सांगू?

तू विचारलंस, नेमकं करतेस काय. मी शिकावं म्हणून तू बी.एस्सी. अर्धवट सोडून फौजेत गेलास, तुला तरी नीट सांगायला हवं. समज, एक ताणणारं कापड वाकड्यातिकड्या घाटाच्या भांड्यावर बसवायचंय. ते किती ताणलं हे मोजायचं आणि किती वाकलं तेही. एकूण ताण आवाक्यात ठेवून ते पुन्हा पुन्हा, दर वेळी जरा वेगळं बसवत गेलं, तर शेवटी ते स्थिरावतं का? जवळपास सगळीकडं स्थिरावतं. पण दोन-चार ठिकाणी ताण टिंबाएवढ्या जागेत गोळा होतो आणि बुडबुडा उठतो, आईच्या भाकरीला फुगा येतो तसा. शेवटी तो टिंबातच जिरतो आणि उरल्या कापडाचा ताण आधीपेक्षा कमी भरतो. जेवढा कमी, तेवढाच बुडबुड्यांत गेला, हे मला सिद्ध करायचंय.

बाकी सगळं ठीक. शेजारच्या रशीदाभाभींनी डाळिंबं दिली.

ठीक कसलं, दादा. बुडबुडा आणि कापड यांना जोडणारी एक बारीक मान असते. त्या मानेत ताण उरत नाही, असं मी एका ओळीत लिहून मोकळी झाले होते. परवा तपासलं तर ती ओळ खरी ठरत नाही. खोटीही ठरत नाही. आणि अख्खा प्रबंध तिच्यावर उभा आहे. माझ्या मार्गदर्शक सरांच्या लक्षात आलेलं नाही, परीक्षकांच्याही बहुधा येणार नाही. गप्प बसले तर बानूबाईच्या गुडघ्यासारखं सगळ्यांनाच बरं वाटेल. बोलले तर वर्षं जातील, कदाचित सगळंच जाईल. मला काही सुचत नाही, भीती वाटते. आईला सांगितलं तर म्हणाली, "चुकलं तर पुसून पुन्ना कर की." एवढं सोपं असतं का रे?

३० मार्च

काल पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. सकाळी सरांना सगळं लिहून टाकलं आणि मग अप्पांना सांगितलं. ते पायताण घालून तडक म्हस्कूकडं निघाले. मी मागोमाग गेले.

"डाक्टर पूस," ते त्याला म्हणाले. "पर नाव हाय तितंच राहू दे, मधी सरकवू नगं. म्होरली जागा मोकळी सोड."

आणि आले तसेच तडक घरी निघाले. तो राग होता का भरवसा, मला अजून कळलेलं नाही. तुला कळलं तर लिही.

मोकळ्या जागेशेजारची,
तुझी करुणा