खरबुजाचा मळा आणि कुणीतरी ‘स.’

ताश्कंद, २२ ऑगस्ट १९९९

आदरणीय सोबितदादा यांना,

धाकट्या चुलतभावाचा, उबैदुल्लाचा, लवून सलाम. तुमची तब्येत उत्तम असेल असं धरून चालतो. मागच्या पत्रात गुडघा बरा असल्याचं तुम्ही एकूण तीन वेळा लिहिलंत, म्हणजे तो बरा नसावा. वहिनींचा रक्तदाब कसा आहे? कोकंदला उकाडा किती? घरातल्या लहानथोरांना आशीर्वाद, आणि ज्यांना आशीर्वाद नको असतील त्यांनाही सांगा.

आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, पण ठीक नाही. म्हणून हे पत्र लांबेल. चहा घेऊन बसा.

तुम्हाला ठाऊकच आहे, वजनमापं निरीक्षक म्हणून मी एकतीस वर्षं या शहरातले तराजू तपासले. पेन्शनीत निघालो आणि तपासायला काही उरलं नाही, तेव्हा पहिले दोन महिने मी घरातलं तपासलं. (साखरेच्या डब्यावर ‘एक किलो’ लिहिलेलं आहे, त्यात नऊशे वीस ग्रॅमच मावते. हे मी बायकोला, मुकद्दमला, सप्रमाण दाखवलं.) तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली, “अहो, मी पुलावात तांदूळ घालते तेव्हा तुम्ही माझ्या मुठीकडे बघता. बाहेर जा. कुठेही जा.” म्हणून मी माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेअर खाली काढला, त्याला नवी सुई बसवली, आणि दर रविवारी रुळांपलीकडच्या जुन्या बाजारात रेकॉर्डी बघायला जाऊ लागलो.

तिथे पाक नावाचा एक कोरियन म्हातारा बसतो. जमिनीवर ताडपत्री, ताडपत्रीवर तीन टब, टबांत रेकॉर्डी. दादा, मला गाण्यातलं कळत नाही, पण रेकॉर्डींच्या कव्हरांवर लोक काय काय लिहून ठेवतात ते वाचायची मला चटकच लागली. आपल्याकडे वाढदिवस असो, आठ मार्चचा महिला दिन असो, निवृत्ती असो, रेकॉर्ड द्यायची आणि मागे दोन ओळी खरडायच्या, ही पद्धतच होती ना! आता त्या सगळ्या शुभेच्छा पाकच्या टबात येऊन पडल्यात. आणि एकेक ओळ वाचली की संशय येतो. ‘आदरणीय निकोलाय पेत्रोविच यांना, औषधी दुकानातल्या सर्व सहकाऱ्यांकडून.’ खाली सह्या किती? दोन! एवढ्या मोठ्या दुकानात दोनच सहकारी? बाकीच्यांनी सही का नाही केली? दुसऱ्या एकीवर ‘लेनाला, जन्मभर तुझाच’ असं लिहिलेलं. मी कव्हर उन्हात तिरकं धरलं, तर ‘लेना’च्या खाली खरवडलेली ‘स्वेता’ निघाली.

मे महिन्यात पाकने मला एक खास माल दाखवला, एका नावाजलेल्या अकॉर्डियनवाल्याची खुद्द सही असलेली रेकॉर्ड. मी मधल्या लेबलावरचं साल वाचलं. म्हटलं, “अहो, हा माणूस रेकॉर्ड निघायच्या दोन वर्षं आधी वारला. सही करायला वरून आला होता का?” पाक शांतपणे म्हणाला, “कलावंत होता. येऊही शकतो.” त्या दिवसापासून आमची मैत्री झाली.

आता मुद्द्यावर येतो. जुलैच्या दुसऱ्या रविवारी तिसऱ्या टबात मला एक आपल्याकडच्या लोकगीतांची रेकॉर्ड सापडली. कव्हरवर तंबोऱ्यासारखं काहीतरी, कोपरा उंदराने खाल्लेला. उलटून बघितलं. निळ्या शाईत, आपल्याच भाषेत लिहिलं होतं, ‘मुकद्दमला. तो दिवस आणि तो खरबुजाचा मळा मी मरेपर्यंत विसरणार नाही. स. नोव्हेंबर १९७१.’

दादा, आमचं लग्न १९७३ चं.

ताश्कंदमध्ये मुकद्दम नावाच्या बायका पुष्कळ असतील हे मलाही कळतं. पण खाली कोपऱ्यात, शिसपेन्सिलीने, तिच्या शिक्षक महाविद्यालयाच्या वसतिगृहाच्या खोलीचा नंबर होता, २१७. हा नंबर मला पाठ आहे, कारण लग्नाआधी त्या पत्त्यावर मी तीन पत्रं पाठवली होती. (उत्तर एकाचंच आलं. तेव्हा मी टपालखात्यावर संशय घेतला होता.) मी रेकॉर्ड विकत घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि घरी आणून कपाटामागे सरकवली. मुकद्दमने विचारलं, “आज काही मिळालं नाही का?” मी म्हटलं, “नाही.” ती म्हणाली, “मग चेहरा असा का? उलटलं का काही?” गुन्हेगार किती सहज बोलतो बघा!

आता हा ‘स.’ कोण? मी यादी केली. शेजारचा दाताचा डॉक्टर सुन्नत याचं नाव वर घातलं. त्याने मुकद्दमची दाढ काढली तेव्हा पैसे घेतले नव्हते. त्याच्याखाली आमच्या मोहल्ल्यातले आणखी सहा ‘स’ होते. (तुमचंही नाव ‘स’वरून सुरू होतं हे मला आत्ता लिहिताना लक्षात आलं. गंमतच आहे.) प्रत्येकाचं अक्षर मिळवायचं होतं, आणि त्यात ‘खरबूज’ हा शब्द हवाच होता, कारण कव्हरवर त्या शब्दातल्या एका अक्षराची शेपटी विळ्यासारखी वळलेली आहे. एखाद्याकडे जाऊन ‘जरा खरबूज लिहून दाखव’ असं कसं म्हणणार?

म्हणून मी तक्रार अर्ज काढला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दर उन्हाळ्यात होशिम नावाचा खरबूजवाला हातगाडी लावतो. मी घरोघर गेलो आणि सांगितलं की या गाडीमुळे रस्ता अडतो, माश्या होतात, आणि मोहल्ला समितीचा नियम आहे, प्रत्येकाने स्वतःच्या हाताने तक्रार लिहायची. (असा नियम नाही.) लोकांना काही पडलं नव्हतं, पण निरीक्षकाला नाही म्हणायची सवय कुणाला आहे? सुन्नतने तर माझ्यासमोर कोऱ्या कागदावर दोन पानं लिहिली. “उबैदुल्लाभाई,” तो म्हणाला, “खरबुजाच्या साखरेने दात किडतात, तेही घालू का?” मी म्हटलं, “घाला. जितक्या वेळा खरबूज लिहाल तितकं चांगलं.” त्याने अकरा वेळा लिहिलं. एकाही शेपटीला बाक नव्हता. डॉक्टरचं अक्षर, शेपटी कसली, डोकंही कळत नव्हतं.

सात ‘स’ तपासले, सातही सुटले. पण नुसते ‘स’वालेच लिहितायत हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी बाकीच्यांकडूनही लिहून घेतलं होतं. अशा एकूण चाळीस तक्रारी झाल्या. त्या माझ्या टेबलावर पडलेल्या मुकद्दमने बघितल्या, आणि मी विसरलो असेन असं समजून स्वतः समितीत नेऊन दिल्या. एकाच विषयावर चाळीस हस्तलिखित अर्ज समितीने आजवर पाहिले नव्हते. तीन दिवसांत होशिमची गाडी उठली. मला समितीकडून जागरूक नागरिक म्हणून प्रशस्तिपत्रक मिळालं.

आणि दादा, भर ऑगस्टात आमच्या गल्लीत खरबूज नाही! लोकांना मोठ्या बाजारापर्यंत चालत जावं लागायचं, आठ-आठ किलोची धुडं छातीशी धरून परत यावं लागायचं. वाटेत माझं दार लागतं. ते दारासमोर थांबायचे, धूड खाली ठेवायचे, दम खायचे आणि मोठ्याने बोलायचे. सुन्नत एकदा म्हणाला, “ही तक्रार काढली कोणी, त्याचे दात मी बिनभुलीचे उपटीन.” स्वतःची दोन पानं तो साफ विसरला.

शेवटी होशिमच आला. धिप्पाड माणूस. दारात उभा राहिला आणि म्हणाला, “निरीक्षकसाहेब, वीस वर्षं तुम्ही माझा तराजू तपासलात. कधी एक ग्रॅम कमी सापडला?” मी म्हटलं, “नाही.” “उलट तुम्हीच एकदा म्हणालात, होशिम, तू जास्त तोलतोस, तेही नियमाविरुद्ध आहे. म्हणाला होतात ना?” म्हणालो होतो. “मग माझ्या पोटावर का आलात?” आतून मुकद्दम आली आणि म्हणाली, “होशिमभाऊ, बसा. मलाही हेच यांना विचारायचंय.” आणि तिने ओढणीखालून ती रेकॉर्ड काढून जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर, चहाच्या वाट्यांच्या मधोमध ठेवली. कपाटामागे झाडताना तिला सापडली होती. झाडते किती ते बघा. मी कपाटाची जागा सुरक्षित समजलो होतो.

मी होशिमसमोरच विचारलं. आता लपवण्यासारखं राहिलं काय होतं? “हा स. कोण?”

मुकद्दमने कव्हरवरून हात फिरवला, तो उंदराने खाल्लेल्या कोपऱ्यावर थांबला. ती म्हणाली, “सओदत. माझ्या खोलीतली.”

मग तिने सांगितलं ते मी थोडक्यात लिहितो. एकाहत्तरच्या सप्टेंबरात त्यांच्या महाविद्यालयाला कापूस वेचायला नेलं होतं. दुपारी या दोघी रांगेतून सटकल्या आणि शेजारच्या मळ्यात शिरून खरबूज फोडून खाल्लं. मळा सामूहिक शेतीचा, म्हणजे सरकारी. रखवालदार आला. सओदतला वडील नव्हते, शिष्यवृत्तीवर आई आणि दोन भावंडं जगत होती. चोरीत नाव आलं असतं तर शिष्यवृत्ती गेली असती. मुकद्दमने तिला पाटाच्या पाण्यात आडवं व्हायला सांगितलं आणि स्वतः साल हातात धरून उभी राहिली. म्हणाली, मी एकटीच होते. तिचं नाव भित्तिपत्रकावर लागलं, चित्रासकट, हातात खरबूज आणि तोंडाला रस. त्या वर्षीच्या संमेलनात तिला गायचं होतं, ते काढून घेतलं. सओदतने कापसावरून परतल्यावर नोव्हेंबरात मिळालेली पहिली शिष्यवृत्ती मोडून ही रेकॉर्ड आणली, कारण मुकद्दम गाणार होती ते गाणं हिच्यात आहे.

“तू गायचीस?” मी विचारलं.

“तुम्ही कधी विचारलं नाहीत,” ती म्हणाली. “सओदत नुकुसला शिक्षिका झाली. अठ्ठ्याऐंशीत वारली. तेव्हा ही रेकॉर्ड शोधून शोधून घर उलटं केलं मी. चौऱ्याऐंशीत नवं कपाट आलं तेव्हा माझी खोकी ‘शारा-बारा’ ओरडणाऱ्या भंगारवाल्याला कुणी दिली?”

मी दिली होती. बदल्यात दोन साबणवड्या घेतल्या होत्या. वजनाला कमी भरल्या म्हणून भंगारवाल्याशी भांडलोही होतो.

दादा, होशिमने डोळे पुसले. एवढा धिप्पाड माणूस! मग मी रेकॉर्ड लावली. सुई तिसऱ्या गाण्यावर आली तशी मुकद्दम बसल्या जागी, ओठ जेमतेम हलवत, गाऊ लागली. मी सव्वीस वर्षं त्या आवाजात फक्त ‘जेवायला या’ ऐकलं होतं. होशिम गेल्यावर मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “आधी त्या माणसाची गाडी परत आणा.” दुसऱ्याच दिवशी समितीत जाऊन मी माझ्या हाताने लिहून दिलं की चाळीसही तक्रारी माझ्या सांगण्यावरून झाल्या. प्रशस्तिपत्रक परत घेतलं गेलं. गाडी परत आली. होशिमने मला पहिलं खरबूज फुकट दिलं, आणि मी ते घरी आणून तोललं नाही.

संशय माझ्या मनातून मुळासकट निघाला आहे. आता मी शांत आहे. वहिनींना सलाम सांगा.

तुमचा आज्ञाधारक,
उबैदुल्ला

ता. क. : इकडे यंदा सुके जर्दाळू बरे मिळत नाहीत. कुणी येणार असेल तर थोडे पाठवा.

ता. क. दुसरा : सहज एक लहानसं काम. सओदत हयात नसल्यामुळे तिचं अक्षर तपासता येत नाही, प्रकरणात तेवढीच एक फट राहते. एकाहत्तरच्या शरदात तुम्हीही त्याच महाविद्यालयात होतात आणि त्याच शेतांवर गेला होतात, असं आठवतं. मुकद्दमचं स्थळही तुम्हीच आणलंत, आणि तिचं इतकं बारकाईने कौतुक केलंत की मला तेव्हाही जरा नवल वाटलं होतं. तरी एका कागदावर, निळ्या शाईने, फार विचार न करता, ‘तो दिवस आणि तो खरबुजाचा मळा मी मरेपर्यंत विसरणार नाही’ एवढं लिहून पाठवावं. मुकद्दमला बोलू नये.

ता. क. तिसरा, मुकद्दमकडून : सोबितदादा, सलाम. पत्र टपालात टाकायला माझ्याकडेच दिलंय. सओदतची हकीकत शब्दन् शब्द खरी आहे. तिची चार पत्रं माझ्या शिवणाच्या डब्यात आहेत, शेपटीसकट. यांच्यापुढे ठेवायला मिनिटही लागणार नाही. पण दादा, सव्वीस वर्षं हा माणूस तराजूच्या काट्याकडे बघत आला. या महिन्यात मी केस विंचरायला बसले की वर्तमानपत्राच्या वरून माझ्याकडे बघतो. परवा विचारलं, “हा रुमाल नवीन का? छान दिसतो.” रुमाल अकरा वर्षांचा आहे. कालपासून तर मी भांडी घासताना गुणगुणले की पुसायला फडकं घेऊन शेजारी येऊन उभा राहतो. म्हणून ती पत्रं मी थंडी पडेपर्यंत काढणार नाही. तुम्ही यांना उत्तर जरूर पाठवा, पण तेवढं टाइप करून पाठवा.