लिंबाएवढी गाठ

नाशिक,
फेब्रुवारी १९८३

ती. ताई,

मालेगावला सगळे मजेत असाल. बारावीला मार्क कमी पडले म्हणून मी पुन्हा परीक्षेला बसतेय, पण पुस्तक उघडते आणि लगेच मिटते.

आईच्या छातीत गाठ आहे गं. गेल्या परीक्षेच्या वेळी शेंगदाण्याएवढी होती, आता लिंबाएवढी झालीय. परक्या कुणापुढे पदर बाजूला करणार नाही म्हणते. "तू डॉक्टर झालीस की तुलाच दाखवीन." तुला कळवायचं नाही, अशी शपथ घातलीय तिनं. म्हणून हे पत्र पेटीत टाकायला हात धजत नाही.

काल मला रडू फुटलं. तिला वाटलं, परीक्षेला घाबरले. पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आणखी एक वर्ष गेलं तर जाऊ दे. मला कुठं घाई आहे?"

तुझी,
उत्तरा