एक्क्याण्णव दिवसांचा कागद

प्रिय दादा,

"एक्क्याण्णव दिवस थांबा, मंग बोला," असं तू सभेत म्हणाला होतास. काल ते दिवस पुरे झाले, म्हणून आज लिहायला बसलो. लोक थांबले नाहीत. तूही थांबणार नाहीस, हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

नागपूरच्या बँकेचं पत्र आलं. आपल्या कापूस जिनिंग सोसायटीच्या खात्यात पंचवीस हजार पुरे जमा झाले. सिंदी गावभर दुपारपर्यंत बातमी झाली, आणि उद्या सभा आहे. तिथे मला बोलायचंय. आणि दादा, खरं सांगू? तुझा तो कागद मला अजून नीट कळलेला नाही!

शाळेत मी पोरांना सरळव्याज शिकवतो. मुद्दल, दर, मुदत. तुझ्या कागदावर दर कुठे होता? तू सभेत दाखवलास तेव्हा मी उलटून पालटून पाहिला. सरकारचं नाव, पंचवीस हजारांचा आकडा, मुदत. व्याजाचा उल्लेखच नाही.

कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसचं मशीन मुंबईहून तीन महिने उशिरा येणार, तोवर जिनिंग सोसायटीचा पैसा नुसता पडून राहील, म्हणून तू सेक्रेटरी या नात्यानं बँकेमार्फत ही सरकारी हुंडी घेतलीस. ट्रेझरी बिल. शंभराला नव्व्याण्णव रुपये सहा आणे भावानं. आज कमी द्यायचे, मुदतीला पुरे घ्यायचे, मधला फरक ती आपली कमाई. एवढं मी पाठ केलंय.

पण सभेत तू तो शब्द का वापरलास रे? कोणीतरी व्याज विचारलं आणि तू सरळ म्हणालास, "याले व्याज नाई. बट्टा आहे."

कापसाच्या बाजारात जन्म काढलेला माणूस तू! गाडी खाली झाल्यावर अडत्या आपल्या पैशातून जे कापतो, त्याला लोक बट्टा म्हणतात, हे तुला मी सांगावं? त्या कापाकापीतून सुटायलाच तर सोसायटी काढली होती. 'आगाऊ व्याज' म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं? पण तुझा हट्टच तसा. बरोबर असेल तोच शब्द वापरणार, मग ऐकणाऱ्याला काहीही वाटो.

शंभरामागे दहा आणे कोणी खाल्ले, असा एकच गलका झाला. पुढे बसलेला एक म्हातारा माझ्याकडे वळला. "मास्तर, तुमी तं हिशोबाचे. तुमीच सांगा, बरोबर हाय का हे?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. तूही पाहत होतास. मी म्हटलं, "मले काई समजत नाई."

खरंच समजत नव्हतं, दादा! मास्तर असून समजत नाही, याची लाज वाटली म्हणून मान खाली घातली. लोकांनी अर्थ लावला की सख्खा भाऊही हमी घेत नाही. त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस, आणि मीही तुझ्या घरी फिरकलो नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ करत राहिलो. मग तुला ताप आला, आणि त्रेसष्टाव्या दिवशी तू गेलास.

गेल्या आठवड्यात नागपूरला जाऊन बँकेच्या कारकुनाला विचारलं. बिचारा समजावत बसला. टेंडर निघतं, ज्याचा भाव जास्त त्याला कागद आधी. म्हणजे आपल्या लिलावासारखंच की, मी म्हटलं. हो, म्हणाला, पण भाव चढला की मिळकत उतरते. तिथे मी पुन्हा चुकलो. तीन महिन्यांचे दहा आणे, म्हणजे वर्षाचे अडीच रुपये. पण आपण पुरे शंभर दिलेच नव्हते, म्हणून अडीचला चिमूटभर जास्त. ती चिमूट मला अजून फळ्यावर मांडता येत नाही. शिवाय दिवस सरतील तसा कागदाचा भाव वर सरकतो म्हणे, नऊ दिवसांना आणाभर. म्हणजे तू गेलास त्या दिवशी तो नव्व्याण्णव रुपये तेरा आण्यांचा असावा. हे गणित मी कशाला केलं, तेही कळत नाही.

शेवटी वहिनीकडे गेलो. त्या सभेपासून ती बाजाराला गेलेली नाही. तुरी पाखडत होती. मी सगळं सांगितलं, तिनं सूप खाली ठेवलं.

"भाऊजी, तूर वावरात उभी असतानी घेतली तं कमी भावानं भेटते. घरात आली का पुरा भाव. वाट पाह्याचा पैसा हाय तो. त्यात चोरी कायची?"

इतकं सोपं होतं? मग सभेत हे कोणालाच कसं सुचलं नाही? तू घरी तिला सांगितलं होतंस का? विचारायचं धाडस झालं नाही.

दादा, उद्या मी वहिनीला सोबत घेऊन सभेला जाईन. कागदाचं मागाहून सांगेन, जमेल तसं, तिच्या तुरीवरून. आधी उभा राहून सांगेन, की त्या दिवशी 'समजत नाई' म्हटलं ते मी माझ्याबद्दल म्हटलं होतं. बट्टा कागदाला होता. दादाच्या नावाला लागला तो माझ्या खाली घातलेल्या मानेनं लागला. उद्या हे मान वर ठेवून बोलेन, एवढा शब्द देतो.

एक्क्याण्णव दिवस उशिरा बोलणारा,
तुझा धाकटा,
नाना