काळा गोल गोटा

हिंगोली,
दि. २२ जून २००८

भीमराज दादास,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. आम्ही दोघी बऱ्या आहोत. वहिनीची कंबर कशी आहे? सपना दहावीला पहिल्या वर्गात आली, पुसेगावात पेढे वाटलेस का? वाटले नसशील. बघायला पाहुणे येणार, आठ दिवस झाले, पोरीला आता परत पाठव, असं लिहिलंस. त्याचं उत्तर देते, पण आधी गोट्यांचं.

तुझ्या गोफणीचे गोटे ओढ्यातून मीच वेचून आणायचे. पारख तू शिकवलीस. चपटा वाऱ्यावर वळतो. पांढरी गारगोटी कडेला टोकदार, सुटताना अडकते. काळा, लिंबाएवढा, सगळीकडून गोल, तो मात्र नेमका जातो. ओच्यात वीस आणले तर बारा तू फेकून द्यायचास.

नव्वद साली मी दहावी पास झाले आणि तू दुसऱ्यांदा नापास. आबांनी मला नर्सिंगला पाठवायचं ठरवलं. ज्वारी हुरड्यात होती, तू शेतातल्या माळ्यावरून गोफणीनं पाखरं हाकत होतास, मी तुझी भाकरी घेऊन बांधावरून येत होते. गोटा आला, माझा डावा डोळा गेला. नर्सिंग गेलं, आज वसतिगृहात पोळ्या लाटते. तू आबांपुढे रडलास, "चपटा गोटा व्हता, वाऱ्यानं वळला." सगळ्यांना पटलं. मीही पटल्यासारखं केलं.

पण पडले तिथेच तो गोटा माझ्या हाताला लागला होता, दादा. मुठीत धरून घरी आणला. अठरा वर्षं ट्रंकेत आहे.

परवा तो सपनाला दिला. कुठला ते सांगितलं नाही. तिनं तळहातावर फिरवला आणि म्हणाली, "आत्या, ह्यो वळत न्हाई. बाबानं शिकवलंय मला." मग माझ्या डोळ्याकडे बघत राहिली. चपट्या गोट्याची गोष्ट तूच तिला सांगितलेली. त्या दिवशी ती जेवली नाही.

तुझं वाईट व्हावं असं मी रोज मनात म्हणत आले, खोटं कशाला लिहू. परवापासून म्हणायची गरज राहिली नाही.

सपना येणार नाही. मी अडवलेलं नाही. अकरावीचा फॉर्म तिनं स्वतः भरला. गोटा आता तिच्याकडे आहे. दिवाळीला येईल तेव्हा तुझ्या हातावर ठेवून विचारणार आहे, बाबा, हा कसा जातो.

तिला काय सांगायचं, ते ठरवून ठेव.

एका डोळ्यानं सगळं बघितलेली तुझी धाकटी बहीण,
नीला